दोनला दहा कमी

माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली ‘पत्रेवाली’ म्हणायची. नवरा पत्र्याचे डबे करायचा म्हणून नव्हे. ही बाई पत्र्यावर माणसं उतरवायची म्हणून! शहरात फोटो ही तेव्हा नवलाई होती. नवरा पातळ पत्रा कापून त्याला काळं रोगण चढवायचा, ही त्यावर औषध ओतून तो ओला असतानाच पेटीत सरकवायची. अर्ध्या तासात फोटो हातात. “हलू नका!” असं अशा जरबेनं म्हणायची की गिऱ्हाइकाबरोबर रस्त्यावरचा हातगाडीवालाही जागच्या जागी थिजायचा.

पुढे जुन्या तटाच्या सातही वेशी पाडायचं ठरलं. त्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवायचे होते, आणि काम एकालाच मिळणार होतं. थोरल्या आजीचा बाप त्यातल्याच एका वेशीचा पहारेकरी. तिचं बालपण त्या कमानीखाली गेलेलं.

“माझ्या वेशीचा फोटो परका काढणार? मी काय मेले का?” ती नवऱ्याला म्हणाली.

कचेरीतल्या साहेबांनी परीक्षा ठेवली. घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो त्याच सकाळी काढायचा आणि बाराच्या आत आणून द्यायचा. कुणी जुनं काम खपवू नये म्हणून ही अट. दुसरा उमेदवार होता एक कोटवाला. त्यानं काचेवर फोटो घेतला, आणि काचेखाली कागद लावून, छाप उमटायला उन्हात ठेवून हा कचेरीत गंमत बघायला हजर.

अकराच्या ठोक्याला थोरल्या आजीनं पत्रा साहेबांपुढे ठेवला. मनोऱ्याच्या तबकडीवर आकडे नव्हते, नुसत्या रेघा होत्या.

“बाई, यात किती वाजलेत?”

“दोनला दहा कमी.”

“आणि आत्ता?”

“अकरा.”

कोटवाला खो-खो हसला. “बाईंनी दुपारचा फोटो सकाळीच आणला की!”

“हा कालचा फोटो आहे,” साहेब म्हणाले. “अट मोडलीत.”

दुसरी असती तर रडली असती. आजी म्हणाली, “साहेब, समोरच्या न्हाव्याकडून आरसा मागवा.”

न्हावी स्वतःच आरसा घेऊन आला. मागोमाग साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईकही आलं. आजीनं पत्रा आरशासमोर धरला. आरशात दहा वाजून दहा!

“पत्रा उजव्याचं डावं करतो, साहेब. तुमचा भांग नाही का आरशात फिरत?”

“खरं आहे,” साबणवाला म्हणाला. “दहाच्या सुमाराला मी न्हाव्याकडे नंबर लावला, तेव्हा या बाई मनोऱ्याखाली ओरडत होत्या, हलू नका म्हणून.”

“मनोऱ्याला?” साहेबांनी विचारलं.

“सवय!” आजी म्हणाली.

साहेब हसले, पण लगेच सावरले. “मग वेशीही उलट्याच येणार?”

“त्या काचेवर काढीन, कागदावर छापल्या की सुलट होतात. तेही येतं मला. आज बाराची घाई होती, म्हणून पत्रा.”

कोटवाल्याचा कागद सव्वाबाराला आला. काम आजीला मिळालं.

सात वेशींचे सात फोटो कचेरीत गेले. बापाच्या वेशीचा आठवा मात्र तिनं बापाला कमानीखाली उभं करून घरासाठी पत्र्यावर काढला. आज तो माझ्याकडे आहे, आरशासमोर टांगलेला. म्हणजे पणजोबांची काठी उजव्या हातात दिसते. केवढा स्वच्छ फोटो! मिशीचा केस न् केस मोजून घ्या. जन्मभर पहाऱ्यावर ताठ उभा राहिलेला माणूस तो. त्या एकट्यालाच म्हणे तिला “हलू नका” सांगावं लागलं नाही.