आक्कासाठी न निघालेली जीप

सिस्टर भेटल्या की आधी मनगट धरायच्या. नमस्कार नाही, रामराम नाही. रस्त्यात, टँकरच्या रांगेत, कुठंही. नाडीवर बोटं ठेवून क्षणभर डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "हाय. चालू हाय. जा आता."

तुमच्याही गावात अशी एखादी बाहेरून आलेली बाई असेल, जिच्यावर सगळं गाव माया करतं. मी या बाईंविषयी लिहिते आहे खरी, पण मायेनं लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही.

शिरूर अनंतपाळच्या बाजूला माझ्या आक्काचं सासर. तिथं गावाच्या कडेला सिस्टरांचा लहानसा दवाखाना होता. त्या केरळच्या, कॅथलिक नन. पांढरी जीप स्वतः चालवायच्या. मराठी पेशंटांकडूनच शिकल्यामुळं 'लई' आणि 'न्हाई' त्यांच्या तोंडात पक्के बसले होते. पोरींना मात्र 'मोळे' म्हणायच्या. त्यांच्या मुलखात लेकीला तसं म्हणतात.

दुष्काळात एकदा ज्वारीचं पोतं चोरताना एक माणूस सापडला. लोकांनी त्याला चावडीपुढं पाडलं, दगड उचलले. सिस्टर धावत आल्या आणि सरळ त्याच्या अंगावर आडव्या पडल्या.

"बाजूला व्हा सिस्टरबाई, चोर हाय त्यो!"

"चोर हाय. पण त्याचा जीव तुमी दिला का? मग घेणारे तुमी कोण?"

दगड खाली पडले. उदगीरला कॉलेजात गेल्यावर मी ही गोष्ट मैत्रिणींना अभिमानानं सांगायची. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. मोठ्या विचाराचं माणूस असं असतं, असं मला वाटायचं.

पुढं आक्काचे सासरे घशाच्या कॅन्सरनं तळमळत होते. ते सिस्टरांना हात जोडून म्हणाले, "माय, सुई दे. सुटू दे मला."

"सुटायची सुई माझ्याकडं न्हाई, बाबा. दुखणं थांबवायची हाय."

"त्या सुईनं ते लवकर जातील का?" दाजींनी हळूच विचारलं.

"जातील कदाचित. पण मी दुखणं मारते, माणूस न्हाई."

हेही मला पटलं होतं. हेतू महत्त्वाचा, असं मी मनाशी म्हटलं.

मग आक्काची वेळ आली. दोन मुली होत्या, तिसऱ्यांदा दिवस गेले होते. लहानपणीच्या तापानं तिच्या हृदयाची झडप खराब झालेली. जिल्हा नवा झाल्यामुळं आता उस्मानाबादऐवजी लातूरला जायचं. तिथले डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "हे बाळंतपण हृदयाला झेपणार नाही. लवकर गर्भ काढून घ्या. घरी विचारा आणि या."

घरी विचारण्यात दिवस गेले. तोवर आक्काला दम लागून ओसरीपासून मोरीपर्यंत चालवेना. एसटीत बसणं शक्यच नव्हतं. जीपमध्ये आडवं होता आलं असतं. आक्काजवळ राहायला आलेली मी सिस्टरांकडं गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मोळे, आक्का आणि बाळ, दोघांसाठी गाडी आत्ता काढते. एकाला मारायला न्हाई काढणार."

"डॉक्टर आक्काला वाचवायलाच करणार ना, सिस्टर? तुम्हीच म्हणाला होता, दुखणं मारते, माणूस नाही."

"ते वेगळं. तिथं मी दुखण्यावर औषध देत होते. इथं बाळाला मारूनच आईला वाचवायचं. चांगल्या कामासाठीसुद्धा तसं करता येत न्हाई."

"आणि आक्का गेली तर?"

"मी तिला मरू देणार न्हाई. इथं आण. रात्रंदिवस सांभाळते."

पुस्तकं वाचलेली, पण असल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं ते सुचेना. आज सुचतं. हेतू, मार्ग, परिणाम यांची इतकी बारीक वाटणी ज्यांना करता येते, त्यांच्या उरात आक्कासारखा श्वास अडकलेला नसतो.

गावात बातमी पोचलीच. आक्काच्या सासूला नातू हवा होता. तोवर तिला तसं उघड म्हणता येत नव्हतं. आता आधार मिळाला. "सिस्टरबाई देवमाणूस. त्याच म्हणत्यात पाप हाय म्हणून. मग आपण कशाला करायचं?" तिचा देव महादेव, सिस्टरांचा येशू, पण आक्काच्या पोटावर दोघींचं एकमत झालं. दुसरी गाडी बघायला निघालेले दाजी चपला काढून परत बसले.

आक्काला दवाखान्यात ठेवलं. सिस्टरांनी तिला उशांना टेकवून बसवलं, चमच्यानं पेज भरवली, पाय चेपले. आपली खाट तिला दिली आणि स्वतः फरशीवर झोपल्या. हे मी लपवणार नाही. एका दुपारी आक्काच्या तोंडातून फेस आला. सिस्टर तिच्या छातीवर दाब देत राहिल्या, तोंडाला तोंड लावून श्वास देत राहिल्या. शेवटी दाजींनी त्यांना ओढून बाजूला केलं. आक्का गेली. पोटातलंही गेलं.

आक्काचे दिवस घातल्यावर सिस्टर घरी आल्या. मी दारातच विचारलं, "आता सांगा. गाडी काढायला हवी होती का?"

त्यांचे डोळे सुजलेले होते. "रोज विचारते मी देवाला," त्या म्हणाल्या. "उत्तर तेच येतं."

त्या रडल्या असत्या, चुकले म्हणाल्या असत्या, तर कदाचित मी त्यांना आत घेतलं असतं. मी दार लावून घेतलं.

पुढं त्यांची बदली झाली. स्टँडवर अर्धं गाव जमलं. आपल्याला मारायला निघालेल्या लोकांतच उभा राहून तो चोर रडत होता. आक्काची धाकटी त्यांच्या कडेवर होती. आई गेल्यापासून ती दवाखान्यातच रमायची. मी पुढं होऊन तिला ओढून घेतलं. पोरगी त्यांचा पदर सोडेना म्हणून बोटं एकेक करून सोडवावी लागली. सिस्टर एसटीत चढल्या. गाडी नळेगावच्या वाटेला लागून धुळीत दिसेनाशी झाली.

पोरीच्या वेण्या सकाळी त्यांनीच घातल्या होत्या. घरी आणून मी त्या सोडल्या आणि पुन्हा घालायला बसले. तितक्या घट्ट मला जमल्या नाहीत.