सुकुमार मास्तरांनी ओळखलेलं झाड

माधवनगरात झाडाझुडपांची नावं विचारायला लोक सुकुमार मास्तरांकडं यायचे. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. कुणी डहाळी पुढं धरली की चष्मा कपाळावर सारून नाव सांगायचे, आणि सांगताना आवाज आपोआप वर्गातला व्हायचा.

त्यांच्या परसाला लागून बनाबाईचं घर होतं. आटपाडीकडचं धनगर कुटुंब. मुलगा बिरदेव सूतगिरणीत लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी इथं आलेलं. बनाबाईनं गावाकडची एक फांदी भिंतीकडेला खोचली होती. तिचं पुरुषभर उंचीचं झुडूप झालं आणि भाद्रपदात ते निळसर तुऱ्यांनी लगडलं. उन्हं वर आली की त्यावर मधमाश्यांचा नुसता घोंगाट. मास्तर माश्यांना भ्यायचे. त्यांनी भिंतीच्या अलीकडूनच, फोन लांब धरून फोटो काढला. एकेका देठाला पाच लांबट पानं, काठ करवतीसारखे दातेरी. फोननं तीन नावं सुचवली. तिसरं होतं गांजा. पहिली दोन मास्तरांनी नीट वाचलीच नाहीत.

कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकून त्यांनी खाली लिहिलं, 'हा गांजा आहे. मेंढरामागची माणसं, काय लावतील नेम नाही.'

"अहो, आधी जाऊन विचारा की," त्यांच्या पत्नी गुणमालाबाई म्हणाल्या. "शेजारीच तर राहते."

"विचारायचं काय त्यात? पानं दिसतायत."

ग्रुपवरच्या कुणीतरी पोलिसांना कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची गाडी आली. गल्ली गोळा झाली. बिरदेवला पाळीवरून बोलावून आणलं. कपड्यांना कापूस चिकटलेला तो पोरगा "आमी केलंय काय?" एवढंच विचारत राहिला. मास्तर आपल्या जाळीच्या दाराआड उभे होते.

हवालदार बिराप्पा जतकडचा. त्यानं माश्यांना न जुमानता झुडपात हात घातला, एक पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि हसायला लागला.

"आरं, ही निर्गुडी हाय की! आमच्याकडं वड्याच्या कडंनं लय हाय. गुडघं दुखलं की पाला बांधत्यात. कोण म्हणलं ह्यो गांजा?"

दहाजणांनी जाळीच्या दाराकडं बघितलं.

निर्गुडी! मास्तरांचं लहानपण कृष्णाकाठच्या मळ्यात गेलं होतं. सर्दी झाली की आई निर्गुडीचाच वाफारा द्यायची. त्या पानांचे काठ साधे होते, एवढाच फरक. आणि गांजाचे पराग वारा वाहून नेतो, त्याला माश्या बोलवायला निळी फुलं लागत नाहीत, हे त्यांनीच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं. झाड चुकल्याची लाज वाटलीच. पण ग्रुपवरचं ते दुसरं वाक्य आठवलं तशी त्यांची कानशिलं तापली. त्यांनी मजकूर खोडला. तोवर सगळ्यांनी वाचला होता. बिरदेवनंही.

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बनाबाईच्या दारात गेले. ती पाला निवडत बसली होती.

"बनाबाई, ते मी लिहिलं होतं."

"ठावं हाय. आवं मास्तर, एक पान चुरगळून वास तरी घ्यायचा."

"फोननं दाखवलं..." म्हणता म्हणता ते अडखळले. "नाही. फोननं तीन नावं दिली होती. तुम्ही तिकडच्या, म्हणून मला तेच खरं वाटलं."

बनाबाईनं हातातला पाला खाली ठेवला. "माजं ऱ्हाऊ द्या. पोराला गिरणीत ईचारत्यात, सुटलास व्हय म्हणून. त्येला सांगा काय ते. चारचौघांत."

पाळी सुटायच्या वेळेला मास्तर गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. माणसं बाहेर पडू लागली. बिरदेव दिसताच त्यांनी हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बिरदेव, ते झाड निर्गुडीचं आहे. चूक माझी झाली. आणि तुमच्या माणसांबद्दल मी घाणेरडं लिहिलं."

"व्हय. वाचलंय मी," बिरदेव म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

मास्तर घरी आले. "काय म्हणाला?" गुणमालाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

बनाबाई पुढं पूर्वीसारखी बोलू लागली. बिरदेव अजून बोलत नाही, आणि मास्तरांना त्याचं नवल वाटत नाही.