दोन काटकोनांची खोली

त्या मुख्याध्यापकांना मी आजवर माफ केलेलं नाही. इटियाडोहच्या कालव्याकाठच्या आमच्या शाळेला नवी खोली मिळाली, तेव्हा मी तिसरीला शिकवत होते. कागदाला दोन घड्या घालून पोरांनी काटकोन केला आणि दिसेल त्या कोपऱ्याला लावून पाहिला. पाटीला बसला, फळ्याला बसला, खोलीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतही बसला. मागच्या एका कोपऱ्यात मात्र तो शिरेना आणि दुसऱ्यात फट राहिली. मागची भिंतच तिरपी होती.

मी ते दाखवलं तेव्हा खोली बांधणारा ठेकेदार नुसता हसला, "बच्चों का खेल है, मॅडम." मुख्याध्यापक भडकले. "भूमिती पुस्तकातली शिकवा, भिंतीची नको," म्हणाले आणि पोरांचे कागद चुरगळून फेकून दिले.

चाचणीचा पेपर त्यांनीच काढला. मुद्दाम विचारलं, आपल्या वर्गाच्या जमिनीला काटकोन किती? अख्ख्या वर्गाने लिहिलं, दोन. त्यांनी एकेका उत्तरावर लाल फुली मारली.

ते पेपर मी मुकाट्याने वाटले. पहिल्या रांगेतली पोरगी आपला पेपर घेऊन उभी राहिली.

"मॅडम, खोली चुकली, त आमाले काऊन फुली मारली?"