ह्यांचा कर्कश कॉम्प्युटर

नंदुरबारच्या दवाखान्यातून मुलाचा फोन आला, "माय, बाबा गयात," तेव्हा मी ह्यांच्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होते. आता काही आठवडे उलटले. लोक बसायला येतात, माणूस देव होता म्हणतात. देव कसला! आमच्या ब्राह्मणपुरी गावात ह्यांच्याइतका आडमुठा दुसरा दाखवा.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि जुन्या कॅसेटा त्यात भरल्या. त्यात माझी आखाजीच्या सणाची गाणी होती, लग्न नवं असताना माहेरी झोक्यावर म्हटलेली, ह्यांनीच टेप केलेली. सुरुवातीला बरी वाजली. मग आवाज दबतोय अशी ह्यांची कुरकुर सुरू झाली… "आवाज दबी ऱ्हायना." आधी स्पीकर बदलले, मग वायरी, मग नंदुरबारहून एका दीडशहाण्याला आणलं. त्याने चहा ढोसला, आतलं सगळं पुसून नव्याने भरलं आणि मिशीला पीळ देत निघून गेला. आवाज उलट बिघडतच चालला. माझा गळा म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा, मागचा डफ तर गायबच. आणि हे डोळे मिटून, मान डोलावत ऐकणार! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारायची. एकदा न राहवून म्हटलंच, "तुमना कान दखाडा डॉक्टरले." तर खेकसले, "मन्हा कान चांगला शेतस. बिघाड त्या डबामा शे." वर अबोला. अक्कल म्हणून काही नाही.

परवा मुलाने तो डबा चालू केला, जरा खुडबुड केली. बिघाड काहीच नव्हता. आवाज कमीजास्त करायच्या पडद्यावरच्या पट्ट्यांपैकी बारीक, उंच आवाजाच्या पार वर चढवलेल्या, बाकीच्या तळाला. बाबांनीच केलं असणार म्हणाला, उंच आवाज त्यांना ऐकू येईनासा झाला असेल. त्याने पट्ट्या सरळ केल्या. माझा गळा इतका गोड लागला की माझा मलाच ओळखू येईना.

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं! कान गेले हे सांगायची लाज, म्हणून गुपचूप माझा आवाज वर ओढत बसले… जरा कमी ऐकू आला की आणखी वर. शिव्या मात्र स्पीकरवाल्याला आणि मला. असा मूर्ख माणूस! राग आला आणि मुलासमोरच रडूही आलं.

"जसं व्हतं तसं करी दे," मी म्हटलं.

"माय, भलतंच कर्कश वाजस ते."

"वाजू दे."

आता संध्याकाळी ह्यांच्या खुर्चीत बसून ऐकते. कान किटतात. तरी गाणं संपेपर्यंत उठत नाही.