सात वेळा विहीर

माझ्या पहिल्या निवडणुकीत कामठ्याजवळच्या एका टोल्यात, म्हणजे छोट्या वस्तीत, मी भाषण ठोकलं. माझी हुकमी युक्ती म्हणजे एकच वाक्य पुन्हा पुन्हा घोळवायचं. तिसऱ्यांदा टाळ्या पडतातच. 'इथं विहीर होणार!' मी सात वेळा म्हणालो. विहीर कुणी मंजूर केली नव्हती, पण वाक्याला ताल झकास होता.

समोर एक म्हातारी बांबूचं सूप विणत होती. प्रत्येक 'विहिरी'ला तिचा हात थांबे. सभेनंतर ती घागरीतलं लोटाभर पाणी घेऊन आली.

"एकदा सांगतलं तवाच समजलं, बाबू. सात खेपा काऊन म्हनून रायला होता? घसा सुकला असंन, पी."

पाणी नाल्याचं, गढूळ होतं. मान खाली घालून मी ते संपवलं.

"विहीर झाली का गोड पानी पाजीन," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली.