चमचाभर फोडणी

आबांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, असं भोरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आबा हसले आणि मला धडकी भरली. भातखाचराकडचा साधा चढ चढतानाही ते दम खायला थांबायचे, हे मी पाहत होते. रोज गोळी घ्या, भाज्या भरपूर खा, तेल हात राखून वापरा, असं डॉक्टर म्हणाले.

मी भोरला नोकरी करते आणि घरात माझा हुकूम चालतो. माहेरीही चालेल असं वाटलं. सुट्टी काढली, एसटीने हिर्डोशी गाठली आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. परसातला दुधी वाफवला, मीठ घातलं, आबांना वाढला. तेलाचा थेंब नाही.

आईने त्यांच्यापुढचं ताटच उचललं.

"घरात कुणी गेलंय व्हय?" तिचा आवाज कापत होता. "बिनफोडणीचं सुतकात रांधत्यात. जित्या माणसाम्होरं ह्ये वाढतीस?"

सुतक फिटेपर्यंत आमच्याकडे फोडणी देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. वाफवताना मात्र डोक्यातच आलं नाही. पण चूक कबूल करेन तर ती मी कसली! मी रक्तवाहिन्यांवर व्याख्यान दिलं. रात्री आईने तोच दुधी लालभडक तवंगात बुडवून वाढला.

"भाजीच खातूय की," आबा बोटं चाटत म्हणाले. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं. माणूस डोळ्यांदेखत हातचा जाईल, अशी भीती वाटत होती.

सकाळी मी आईला म्हटलं, "फोडणी तूच दे. फक्त तेल चहाच्या चमच्यानं घे."

तिने कुरकुरत लोखंडी पळीत चमचाभर तेल तापवलं. मोहरी तडतडली, लसूण तांबूस झाला. पळी मेथीत बुडवताच चर्र झालं.

"वाजली," ती म्हणाली आणि तिचा चेहरा सैलावला.

तेव्हापासून शेपू, घेवडा, चाकवत सगळं त्याच पळीतून. आबा आधी "गवात" म्हणायचे, आता दुसऱ्यांदा मागून घेतात. नव्या तपासणीत आकडा उतरलाय. गोळी चालूच आहे, पण खाचराचा चढ ते न थांबता चढतात.

परवा मीच लाडात येऊन म्हटलं, "आज घाल की थोडं जास्त तेल."

आईने तेलाची बरणी मागे सारली.

"नगं. बिनफोडणीचं रांधायचा दिस मला बघायचा न्हाई."