लेकींच्या डब्याचं कुलूप

जाळीच्या पिंजऱ्याला नाक लावून ते जोरात वास घ्यायचे आणि मान हलवायचे. “आपल्याला काय बी येत न्हाय. पावण्यांस्नी येतोय की.”

ते आमच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेतले शिपाई. सगळे त्यांना मामा म्हणत. पिंजऱ्यात लष्करी अळीची मादी पतंग असे, आणि पावणं म्हणजे नर. मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत, अंगातल्या स्निग्धाम्लांपासून गंध बनवते. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमना हे समजवायला दोन तास लागले. मामा म्हणाले, “खाल्लेल्या मक्याचं अत्तर करती बया.”

मी चंदगडचा. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. उचगावच्या मक्यात सापळा लावायचा, आत मादीचा पिंजरा टांगायचा आणि किती नर येतात ते मोजायचं, हा माझा प्रकल्प. तो फसला तर वर्ष जाणार होतं. तीन सकाळी सापळा रिकामा निघाला. चौथ्या दिवशी मी टेबलावर डोकं टेकून बसलो.

मामांनी चहा आणला. बराच वेळ ते घुटमळले. तुम्हाला सांगायला हवं, मामा फावल्या वेळात सोयरिकी जुळवत. खिशात पेनाशेजारी कायम दोन-तीन बायोडाटा असायचे.

“एकटी पोर किती दिस ठेवायची?” ते हळूच म्हणाले. “नरांच्या डब्यातला एक सोडला की तिच्या पिंजऱ्यात. स्थळ चांगलं हुतं.”

मॅडमनी हसू दाबून सांगितलं, की मीलन झालं की मादीच्या मेंदूकडून ग्रंथीला येणारा निरोप थांबतो आणि गंध बनणं बंद होतं.

मामा गंभीर झाले. “बरोबर हाय. सोयरीक जमल्यावर पावणं कशाला येत्याल?”

मग तोच प्रकल्प झाला. एका सापळ्यात कुमारिका, दुसऱ्यात मामांनी उजवलेली. पहिला भरला, दुसरा रिकामा राहिला. तोंडी परीक्षेत कारण विचारलं तेव्हा घाबरून माझ्या तोंडून मामांचंच वाक्य गेलं. बाहेरचे परीक्षक चष्मा काढून हसले. मी पास झालो.

मादी आणि नर कोष मामाच निवडून वेगळे ठेवत. एका डब्यावर ‘लेकी’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘पोरं’. त्या प्रकारानंतर त्यांनी लेकींच्या डब्याला स्वतःच एक छोटं कुलूप आणून लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. “माझा मला भरवसा न्हाय.”

आता मी त्याच प्रयोगशाळेत शिकवतो. मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. लेकींचा डबा चोरून उघडणारं आता कुणी नाही. तरी घरी जाताना मी कुलूप लावतो, आणि एकदा ओढून बघतो.